नामशेष झालेल्या इंग्लिश पबचा इतिहास कसा शोधावा: नावापेक्षा परवान्याच्या मागे लागा

५ ऑगस्ट २०२३ च्या रात्री स्टॅफर्डशायर परगण्यातील हिमली गावाजवळचा ‘क्रुकेड हाउस’ हा पब आगीत जळाला आणि दोन दिवसांच्या आत त्याच्या उरल्यासुरल्या भिंतीही यंत्राने पाडण्यात आल्या. १७६५ मध्ये शेतघर म्हणून बांधलेली ही इमारत भोवतालच्या खाणकामामुळे जमीन खचून सुमारे १५ अंशांनी कलली होती. अशा चमत्कारिक वास्तूचा अंत झाल्याने ती बातमी जगभर पोहोचली. इंग्लंडच्या गल्लीबोळांतून नाहीसे झालेले इतर असंख्य पब मात्र दिसायला साधे होते, त्यामुळे त्यांची दखल फारशी कोणी घेतली नाही. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी वाचकांपैकी अनेकांच्या रस्त्यावर असा एखादा कोपरा असतो. तिथे आज किराणा दुकान किंवा फ्लॅट असतात, पण दाराच्या चौकटीभोवती हिरव्या चकाकत्या फरशा असतात किंवा काचेवर एखाद्या बंद पडलेल्या ब्रुअरीचे (बिअर बनवणाऱ्या कारखान्याचे) नाव कोरलेले असते. अशा एखाद्या पबचा इतिहास पद्धतशीरपणे कसा उभा करावा, याचे टप्पे या लेखात दिले आहेत.

आरंभीच एक गोष्ट पक्की करावी लागते. पबचे नाव बदलते, इमारत पाडून नवी बांधली जाते, रस्त्याचे नाव आणि घरक्रमांकही बदलतात. या सगळ्यांतून टिकणारा धागा म्हणजे दारू विकण्याचा परवाना. तो दर वर्षी नव्याने मंजूर करून घ्यावा लागत असल्यामुळे त्याने दर वर्षी कुठे ना कुठे कागद मागे ठेवला. केवळ नावावर विसंबून शोध घेणारा माणूस बहुधा दोन वेगवेगळ्या पबांचा इतिहास एकत्र शिवून मोकळा होतो. परवाना आणि जागा यांची जोडी हातात धरून चालणाऱ्याची अशी फसगत सहसा होत नाही.

पहिली पायरी: जागा निश्चित करणे

शोधाची सुरुवात नकाशापासून करावी. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी संस्थेने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडचे जे मोठ्या प्रमाणाचे नकाशे काढले, त्यांपैकी मैलाला २५ इंच प्रमाणाचा नकाशा आपल्या कामासाठी सर्वांत उपयोगी आहे. लंडनसाठी मैलाला ५ फूट एवढे तपशीलवार नकाशेही उपलब्ध आहेत आणि अनेक गावांसाठी तर त्याहूनही मोठे नगर-नकाशे निघाले. हे नकाशे नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. इंग्लिश पबचा शोध एडिनबराच्या ग्रंथालयातून सुरू व्हावा, हे थोडे गमतीचे असले तरी सोयीचे आहे. नकाशावर ‘पी. एच.’ ही अक्षरे दिसली तर ते पब्लिक हाउस, म्हणजे सर्व प्रकारची दारू विकणारे घर, आणि ‘बी. एच.’ दिसली तर ते बिअरहाउस, म्हणजे कडक मद्य न विकणारे घर, समजावे. या दोहोंतला फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो, म्हणून तो आत्ताच टिपून ठेवावा. नकाशाच्या कोपऱ्यात दोन तारखा असतात, एक मोजणीची व दुसरी छपाईची. आपल्या टिपणात मोजणीची तारीख घ्यावी.

त्याआधीच्या काळासाठी १८३६ च्या कायद्यानुसार तयार झालेले टाइद नकाशे पाहावेत. चर्चला देय असलेल्या उत्पन्नाच्या दशांशाचे रोख रकमेत रूपांतर करण्यासाठी ते काढले गेले आणि त्यांच्या सोबतच्या तक्त्यात प्रत्येक तुकड्याचा मालक, वहिवाटदार आणि वापर यांची नोंद असते. आपल्याकडच्या सात-बाराची आठवण यावी असाच हा कागद आहे, फक्त तो एका क्षणापुरता गोठलेला आहे. मोठ्या शहरांत गोड कंपनीचे आगविम्यासाठीचे नकाशे १८८६ पासून मिळतात आणि त्यांत भिंत विटेची की लाकडाची, मजले किती, इमारतीचा वापर कोणता, इथपर्यंत माहिती असते.

या पायरीचा शेवट एका लहानशा आराखड्याने करावा. आजच्या रस्त्यावर त्या जागेची हद्द आखावी आणि दोन्ही बाजूंच्या घरांचे जुने-नवे क्रमांक लिहावेत. १८५५ नंतर मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्सने लंडनमधील असंख्य रस्त्यांची नावे व क्रमांक बदलले, त्यामुळे १८५० मधील ‘१२ क्रमांक’ आणि १८९० मधील ‘१२ क्रमांक’ एकच असल्याचे गृहीत धरणे धोक्याचे असते.

दुसरी पायरी: सर्व नावांची यादी

आता त्या जागेला चिकटलेली सर्व नावे गोळा करावीत. क्रुकेड हाउस हे नाव सर्वांच्या तोंडी असले, तरी तो पब जमीनमालक सर स्टीफन ग्लिन यांच्यावरून ‘ग्लिन आर्म्स’ म्हणून ओळखला जात होता. जुन्या कागदांत ‘क्रुकेड हाउस’ एवढेच शोधणाऱ्याच्या हाती म्हणूनच फारसे काही लागणार नाही. लंडनमधील सदर्क येथील सुप्रसिद्ध ‘टॅबर्ड’ सराई, जिथून चौदाव्या शतकातील कवी चॉसरच्या काव्यातले यात्रेकरू कँटरबरीकडे निघतात, १६७६ च्या आगीनंतर नव्याने बांधली गेली आणि ‘टॅल्बट’ या नावाने चालली. एकोणिसाव्या शतकात तीही पाडली गेली. तिच्या शेजारची, त्याच आगीनंतर पुन्हा बांधलेली ‘जॉर्ज’ सराई मात्र आजही उभी आहे आणि नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या मालकीची आहे.

नावावरून पबचा प्रारंभकाळ ठरवता येत नाही. मात्र ते नाव कोणत्या वर्षाआधीचे असू शकत नाही, हे बरेचदा सांगता येते. ‘आल्मा’ हे नाव क्रिमियातील १८५४ च्या लढाईनंतरचे असते. ‘जनरल हॅवलॉक’ आणि ‘लॉर्ड क्लाइड’ ही नावे भारतातील १८५७ च्या उठावाच्या बातम्या इंग्लंडात पोहोचल्यावर पाट्यांवर चढली. तो उठाव मोडणारे सेनापती कॉलिन कॅम्पबेल यांना लॉर्ड क्लाइड ही पदवीच १८५८ मध्ये मिळाली. ‘ड्यूक ऑफ वेलिंग्टन’ हे नाव १८१४ च्या आधी असूच शकत नाही, कारण त्यापूर्वी तो ड्यूक नव्हता. जालना जिल्ह्यातील असईच्या रणांगणावर १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा हाच सेनापती १८३० मध्ये पंतप्रधान होता आणि त्याच्याच सरकारच्या काळात इंग्लंडमधील पबांची संख्या अफाट वाढवणारा कायदा झाला. त्या कायद्याकडे आता वळू.

तिसरी पायरी: परवान्याचे कागद

हा या कामाचा गाभा आहे आणि बहुतेक हौशी शोधक त्याला शेवटी हात घालतात. परवान्याचा कायदा प्रत्येक काळात वेगळा होता आणि त्यानुसार कागदही वेगळ्या ठिकाणी सापडतात. म्हणून कालखंडांचा क्रम समजून घेतल्याशिवाय अभिलेखागारात जाऊ नये.

१५५२ च्या कायद्याने एलहाउस (एल ही बिअर विकणारे घर) चालवण्यासाठी दोन दंडाधिकाऱ्यांची परवानगी आवश्यक केली आणि घर सुव्यवस्थित चालवण्याची हमी देणारे जातमुचलके लिहून घेण्याची पद्धत सुरू झाली. १७५३ मध्ये या जातमुचलक्यांची नोंदवही ठेवणे बंधनकारक झाले आणि १८२८ च्या नव्या कायद्याने ही व्यवस्था संपुष्टात आली. त्यामुळे १७५३ ते १८२८ या पाऊणशे वर्षांच्या नोंदी अनेक परगण्यांच्या रेकॉर्ड ऑफिसांत चांगल्या टिकल्या आहेत. त्यांत परवानाधारकाचे नाव, गाव आणि जामीनदार मिळतात. पबचे नाव मात्र प्रत्येक वेळी मिळेलच असे नाही. जामीनदार बहुधा शेजारचा दुसरा पबवालाच असतो, हे लक्षात ठेवले तर एका नोंदीतून दोन पबांचा माग लागतो.

त्यानंतर येतो १८३० चा बिअर कायदा. घरपट्टी भरणाऱ्या कोणाही गृहस्थाला दोन गिनी भरून थेट अबकारी खात्याकडून बिअर विकण्याचा परवाना घेण्याची मुभा या कायद्याने दिली आणि दंडाधिकाऱ्यांना त्यातून वगळले. जिन आणि इतर कडक मद्यांपासून लोकांना बिअरकडे वळवावे, तसेच मोठ्या ब्रुअरींची मक्तेदारी मोडावी, हा हेतू होता. परिणाम असा झाला की सुतार, लोहार, विणकर, विधवा अशा अनेकांनी आपल्या घराच्या दर्शनी खोलीत पिंप मांडले आणि आठ वर्षांत सुमारे ४६,००० बिअरहाउसे उभी राहिली. क्रुकेड हाउसच्या शेतघराचा पबही १८३० च्या सुमारासच झाला. हा केवळ योगायोग असेल असे मला वाटत नाही, परंतु परवान्याचा प्रत्यक्ष कागद दाखवल्याशिवाय तसे ठामपणे लिहू नये. संशोधकाच्या दृष्टीने या कायद्याचा मोठा तोटा म्हणजे अबकारी खात्याचे हे परवाने फारसे टिकलेले नाहीत. १८३० ते १८६९ हा काळ म्हणूनच बिअरहाउसांच्या बाबतीत अंधारा आहे आणि तो व्यापारी निर्देशिका, जनगणना व वृत्तपत्रे यांच्या आधारे भरून काढावा लागतो.

१८६९ च्या कायद्याने बिअरहाउसे पुन्हा दंडाधिकाऱ्यांच्या ताब्यात दिली. त्या वर्षीच्या १ मे रोजी चालू असलेल्या बिअरहाउसांना मात्र विशेष संरक्षण मिळाले आणि त्यांचा परवाना ठरावीक कारणांखेरीज नाकारता येत नसे. नोंदवहीत ‘१८६९ पूर्वीचे’ असा शेरा आढळला तर त्याचा अर्थ हा आहे. १८७२ पासून दंडाधिकाऱ्यांच्या प्रत्येक विभागाला परवान्यांची रीतसर नोंदवही ठेवावी लागली आणि तिथून आपले काम सोपे होते. या वह्यांत पबचे नाव, परवान्याचा प्रकार, परवानाधारक, जागेचा मालक, हस्तांतराच्या तारखा आणि झालेल्या शिक्षा एकाच ओळीत सापडतात. नूतनीकरणाच्या वार्षिक बैठकीला ब्रूस्टर सेशन्स म्हणत. तिची कार्यवाही स्थानिक वृत्तपत्रांत सविस्तर छापून येत असे, तेव्हा वही हरवली असली तरी बातमी उरते.

१९०४ च्या कायद्याकडे विशेष लक्ष द्यावे. गरजेपेक्षा जास्त असलेले पब बंद करून मालक व परवानाधारक यांना भरपाई देण्याची तरतूद त्यात होती आणि ती रक्कम चालू राहिलेल्या पबांवर कर बसवून उभी केली जात असे. पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या दशकात नाहीसा झालेला पब असेल, तर त्याचे कारण बहुधा हेच असते. या प्रकरणांच्या फायलींत अनेकदा खोल्यांचे आराखडे, दर वर्षी खपलेल्या पिंपांची संख्या, जवळच्या इतर पबांची अंतरे आणि पोलिसांचे अभिप्राय असतात. एखादा पब जिवंत असताना त्याच्याविषयी कोणी एवढे लिहिले नसेल, तेवढे तो बंद करताना लिहिले गेले. भरपाईचा मोठा वाटा बहुधा ब्रुअरीला आणि अल्प वाटा पब चालवणाऱ्या माणसाला मिळत असे, हेही त्या आकड्यांवरून दिसते.

याच वह्यांत कधीकधी ‘परवाना स्थलांतरित’ असा शेरा मिळतो. शहराच्या मध्यभागातील दोन-तीन जुने परवाने सोडून देऊन त्यांच्या बदल्यात उपनगरात एक प्रशस्त नवा पब बांधण्याची पद्धत होती. म्हणजे जो पब नाहीसा झाला असे आपण समजतो, त्याचा परवाना कित्येकदा चार मैलांवर दुसऱ्या नावाने चालू असतो. दंडाधिकाऱ्यांकडील ही व्यवस्था नोव्हेंबर २००५ पर्यंत टिकली. त्यानंतर २००३ च्या कायद्यानुसार परवाने स्थानिक परिषदांकडे गेले, तेव्हा त्यापुढील काळासाठी परिषदेच्या कार्यालयाकडे विचारणा करावी.

चौथी पायरी: चालवणारी माणसे

परवानाधारकांची क्रमवार यादी हाती आली की ती व्यापारी निर्देशिकांशी पडताळावी. पिगट, व्हाइट, स्लेटर आणि केली यांच्या निर्देशिका सर्वांत जास्त वापरल्या जातात आणि लेस्टर विद्यापीठाच्या संग्रहात त्यांच्या अनेक आवृत्त्या विनामूल्य वाचता येतात. सराया व पब एका यादीत आणि बिअर विक्रेते दुसऱ्या यादीत असतात. दुसऱ्या यादीत पबचे नाव सहसा नसते, केवळ माणसाचे नाव व रस्ता असतो. निर्देशिकेतील माहिती छपाईच्या वेळेस वर्षभर जुनी झालेली असू शकते, म्हणून तिच्यावरून हस्तांतराचे नेमके वर्ष ठरवू नये.

१८४१ पासून १९२१ पर्यंतच्या दर दहा वर्षांच्या जनगणनेचे तक्ते आता पाहता येतात. १९३१ चे तक्ते १९४२ मध्ये आगीत जळाले आणि १९४१ मध्ये जनगणना झालीच नाही. त्या पोकळीत २९ सप्टेंबर १९३९ रोजी तयार झालेले राष्ट्रीय नोंदपुस्तक आधाराला येते. बिअरहाउस चालवणारा माणूस आपला धंदा ‘चांभार’ किंवा ‘कोळसा विक्रेता’ असा बरेचदा सांगत असे, कारण पब बहुधा त्याची बायको सांभाळत असे. नवरा वारल्यावर परवाना तिच्या नावावर झाल्याची नोंद आली की तिथे थांबून मृत्युपत्र पाहावे. जानेवारी १८५८ नंतरची मृत्युपत्रे एका मध्यवर्ती नोंदणीत सापडतात, तर त्याआधीची अनेक मृत्युपत्रे लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. दिवाळखोरीच्या सूचना ‘लंडन गॅझेट’ या सरकारी राजपत्रात छापल्या जात आणि पबवाल्यांची नावे तिथे दुःखद वाटावे इतक्या वेळा आढळतात.

पाचवी पायरी: वृत्तपत्रे

ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हमध्ये शोधताना पबचे नाव आणि गाव यांबरोबरच प्रत्येक परवानाधारकाचे नाव स्वतंत्रपणे शोधावे. छापील अक्षरे यंत्राने वाचलेली असल्यामुळे चुका भरपूर असतात, तेव्हा नावाची दोन-तीन रूपे वापरून पाहावीत. या संग्रहाची वर्गणी भरण्याआधी गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात चौकशी करावी, कारण अनेक ग्रंथालयांतून तो विनामूल्य वापरता येतो.

बातम्यांत मारामाऱ्या आणि दंड जास्त दिसतील. त्यावरून तो पब गुंडांचा अड्डा होता असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल, कारण शांतपणे पार पडलेल्या संध्याकाळची बातमी होत नाही. उलट लिलावाच्या जाहिराती अत्यंत मोलाच्या असतात. पब विकायला किंवा भाड्याने द्यायला काढताना किती खोल्या, तळघर, तबेला, स्किटल्स (चेंडूने खुंट्या पाडण्याचा खेळ) खेळण्याची गल्ली, बिअर बनवण्याची भांडी हे सारे तपशीलवार छापले जाई. परस्पर-साहाय्य मंडळांच्या सभा, कबुतरांच्या शर्यती आणि मृत्यूच्या चौकशा यांवरही लक्ष ठेवावे. मोठी सार्वजनिक खोली दुसरीकडे नसल्याने कॉरोनरची (संशयास्पद मृत्यूंचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्याची) चौकशी पबातच भरत असे आणि १९०२ च्या कायद्याने त्यावर मर्यादा येईपर्यंत ही प्रथा सर्रास चालू होती. लंडनमधील पबांसाठी १६७४ ते १९१३ या काळातील ओल्ड बेली न्यायालयाचे वृत्तान्तही चाळावेत. साक्षीदार सहज बोलून जातो की दार कुठे होते आणि दिवा कुठे, आणि तो तपशील इतर कोणत्याही कागदात नसतो.

सहावी पायरी: मालक आणि इमारत

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक पब ब्रुअरींच्या मालकीचे झाले होते, म्हणून मालक कोण हे कळले की ब्रुअरीचे दफ्तर कुठे आहे हे पाहावे. व्हिटब्रेडचे दफ्तर लंडन आर्काइव्हजमध्ये आहे. सन फायर ऑफिस या विमा कंपनीच्या अठराव्या शतकापासूनच्या नोंदवह्याही तिथेच आहेत आणि त्यांत लंडनबाहेरच्याही विमाधारक सराया सापडतात. १९१० च्या अर्थकायद्यानुसार देशभरातील मालमत्तेचे जे मूल्यांकन झाले, त्याच्या क्षेत्रवह्या क्यू येथे ‘आयआर ५८’ या मालिकेत आहेत. आधी त्या मोजणीच्या नकाशावरून तुकड्याचा क्रमांक काढावा आणि मग वही मागवावी. उलट क्रमाने गेल्यास दिवस वाया जातो. वहीत प्रत्येक मजल्यावरील खोल्या, इमारतीची अवस्था आणि भाडे लिहिलेले असते. पोर्ट्समथ आणि साउथॅम्प्टन भागातील अनेक वह्या दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाल्या आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बांधकाम व सांडपाण्याच्या परवानगीसाठी नगरपालिकांकडे नकाशे सादर होऊ लागले आणि पबची अंतर्गत रचना कळण्याचा तो उत्तम मार्ग आहे. सर्वसाधारण बार, महागडा सलून बार आणि घरी बिअर नेणाऱ्यांसाठीची छोटी खिडकी अशी वेगवेगळी दारे त्यात दिसतात. एकाच छताखाली गिऱ्हाइकांची प्रतवारी कशी केली जात असे, ते या दारांवरून वाचता येते. जागेवर प्रत्यक्ष जाऊन पाहणीही करावी. कोपरा तिरका कापून केलेले दार, फुटपाथवरील तळघराची झाकणे, पाटीसाठीचा लोखंडी कंस अशा खुणा इमारतीचा वापर बदलल्यावरही राहतात.

सातवी पायरी: शेवट आणि दंतकथा

पब कधी बंद झाला आणि इमारत कधी पाडली, या दोन वेगळ्या तारखा आहेत. भरपाईचा कायदा, युद्धातील बॉम्बफेक, झोपडपट्टी निर्मूलन, रस्तारुंदीकरण ही जुनी कारणे झाली. १९८९ च्या सरकारी आदेशांनी मोठ्या ब्रुअरींना पबांची संख्या कमी करायला लावली आणि पब मालमत्ता कंपन्यांकडे गेले, तेव्हापासूनच्या प्रकरणांत जमिनीचा भाव हा शब्द वारंवार येतो. मे २०१७ पासून इंग्लंडमध्ये पब पाडण्यासाठी किंवा त्याचा वापर बदलण्यासाठी नियोजन परवानगी आवश्यक आहे, म्हणून त्यानंतरच्या फायलींत हरकती, आराखडे आणि छायाचित्रे मुबलक मिळतात. लंडनच्या किलबर्न भागातील ‘कार्लटन टॅव्हर्न’ २०१५ मध्ये विनापरवानगी पाडला गेला, परंतु इमारतीची नोंद आधीच करून ठेवलेली असल्याने परिषदेने तो जसाच्या तसा बांधायला लावला आणि २०२१ मध्ये तो पुन्हा उघडला.

वृद्ध रहिवाशांशी अवश्य बोलावे. तारखा विचारण्यापेक्षा पियानो कुठे होता, बायका कोणत्या खोलीत बसत, पाटीवर काय रंगवले होते हे विचारावे; माणसे वर्षे विसरतात, पण बसण्याची जागा विसरत नाहीत. छायाचित्राचा काळ दारावरील परवानाधारकाच्या नावावरून आपल्या यादीच्या आधारे ठरवावा. जवळपास प्रत्येक पबला चर्चपर्यंत जाणारे भुयार आणि डिक टर्पिन या दरोडेखोराने काढलेली एक रात्र चिकटवलेली असते. टर्पिनला १७३९ मध्ये यॉर्क येथे फाशी झाली. आपल्या पबचा पहिला परवाना १८३० नंतरचा निघाला, तर ती रात्र लेखातून काढावी, पण ती कथा सांगितली जात होती ही नोंद ठेवावी.

लिहिताना प्रत्येक विधानापुढे वर्ष, कागदाचा प्रकार आणि तो कुठे पाहिला हे टिपावे. जिवंत असलेल्या व्यक्तींची नावे त्यांच्या संमतीशिवाय देऊ नयेत. तयार झालेल्या टिपणाची एक प्रत गावच्या ग्रंथालयातील स्थानिक इतिहास विभागाकडे आणि एक परगण्याच्या ऐतिहासिक पर्यावरण नोंदणीकडे, म्हणजे जुन्या वास्तू व स्थळांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाकडे, द्यावी. त्यात कोणत्या वह्या पाहूनही काहीच सापडले नाही, याचीही यादी जोडावी, म्हणजे पुढच्या शोधकाला त्याच वह्या पुन्हा मागवाव्या लागणार नाहीत.